धुराचा सातबारा

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



कापसाच्या भावाचा विषय बाजूला ठेवून आज कारखान्यांच्या धुरावर बोलायचे ठरवले, तेव्हा दोघातिघांनी आम्हाला अडवले. म्हणाले, साहेब, घरात कापूस पडून आहे आणि तुम्ही धुराचे काय काढता? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण हा विषय आम्ही काढलेला नाही, तो आपणहून आपल्या बांधावर आला आहे. कसा आला, ते आधी सांगतो.

वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची आणि धुऱ्यावर ढीग लावून पेटवायची, हे आपले वर्षानुवर्षांचे काम. गेली काही वर्षे गावोगाव माणसे येतात, पऱ्हाटी उचलून नेतात, तिचा भुसा करून दाबून कांड्या पाडतात. त्याला धंद्यात पांढरा कोळसा म्हणतात. शेतकऱ्याला काय मिळते? कुठे ट्रॉलीमागे थोडेफार पैसे, कुठे काहीच नाही. उलट ‘तुमचे शेत साफ करून देतो, बोंडअळीचा त्रास वाचवतो’ असे उपकाराचे बोलणे ऐकावे लागते. आम्ही काही कार्यकर्ते ही पऱ्हाटी जाते कुठे ते पाहायला एका कारखान्यापर्यंत गेलो. फाटकावर मोठा बोर्ड होता : आमच्या कारखान्याचे थेट उत्सर्जन घटले. आत बॉयलर चालू, चिमणीतून धूर चालू. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिथल्या अधिकाऱ्याला सरळ विचारले, धूर तर निघतोच आहे, मग घटले काय? अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, काका, हा धूर हिशेबात धरत नाहीत. हा तुमच्या पऱ्हाटीचा धूर आहे.

त्या दिवशी आम्ही ठरवले, की हा हिशेब एकदा नीट समजून घ्यायचा आणि तुमच्यापुढे मांडायचा.

कंपन्या आपल्या धुराचा हिशेब ज्या पुस्तकावरून मांडतात, ते २००१ साली निघाले. वॉशिंग्टनची वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि कंपन्यांचीच एक जागतिक परिषद, अशा दोघांनी मिळून ते काढले आणि २००४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्याला ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल म्हणतात. जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्याच धर्तीवर हिशेब मांडतात. या पुस्तकाने धुराचे तीन खाते पाडले. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले खाते म्हणजे कंपनीचा स्वतःचा सातबारा : स्वतःच्या भट्टीत, बॉयलरमध्ये, जनरेटरमध्ये, स्वतःच्या गाड्यांत जे जळले आणि स्वतःच्या यंत्रांतून जे गळले ते. यालाच थेट उत्सर्जन म्हणतात, इंग्रजीत स्कोप वन. दुसरे खाते विकत घेतलेल्या विजेचे. वीज वापरली गिरणीने, पण कोळसा जळला चंद्रपूरला किंवा कोराडीला, तो या दुसऱ्या खात्यात. आणि तिसरे खाते म्हणजे उरलेले सगळे : कच्चा माल पिकवताना झालेले, तो वाहून आणताना झालेले, माल विकल्यावर गिऱ्हाइकाकडे झालेले. म्हणजे एखाद्या सूतगिरणीच्या तिसऱ्या खात्यात तुमचे कापसाचे शेत येते. तुमचे जे थेट, ते तिचे अप्रत्यक्ष.

आता पहिल्या खात्यातले आकडे येतात कुठून? चिमणीला पोते बांधून वायू कोणी मोजत नाही. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्याच्या दुरुस्तीनंतर कोळशाच्या मोठ्या वीज केंद्रांच्या चिमण्यांत कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रे बसली. आपल्याकडे २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोठ्या प्रदूषक उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे लावायला सांगितली, पण ती धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यासाठी. कार्बन डायऑक्साइडचा आकडा निघतो तो कागदावर, गुणाकाराने. किती इंधन जाळले, त्याला एका ठरीव आकड्याने गुणायचे. त्या ठरीव आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात.

डिझेलचेच घ्या. एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. परवा एका शिबिरात हे सांगितले तर एका पोराने बरोबर पकडले. एक लिटर डिझेलचे वजन किलोभरही भरत नाही, मग त्यातून अडीच किलोच्या वर वायू कसा निघेल? उत्तर असे, की डिझेलमध्ये कार्बन असतो, तो जळताना हवेतला ऑक्सिजन उचलतो. कार्बनचे १२ भाग ऑक्सिजनचे ३२ भाग घेतात आणि वायू होतो ४४ भाग. वजन वाढते ते हवेतून. हा १२ चा ४४ होण्याचा गुणाकार ध्यानात ठेवा, साऱ्या हिशेबाची किल्ली तीच आहे.

कोळशाचा हिशेब असाच, पण तिथे भानगड जास्त. डिझेल सगळीकडे सारखे, कोळसा प्रत्येक खाणीचा वेगळा. आपल्याकडच्या कोळशात राख फार, त्यामुळे एका टनामागे प्रतीनुसार साधारण दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे आकडा तीन जागी ठरतो : काट्यावर, ओलाव्यात आणि प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यात. कापूस विकणाऱ्याला यातले काय समजावून सांगायचे? काट्यावर काय होते, ओलाव्याच्या नावाने काय कापले जाते आणि ढिगातली कुठली मूठ नमुना म्हणून उचलली जाते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. फरक एवढाच, की तिथे तोलणारा, नमुना काढणारा आणि हिशेब लिहिणारा एकाच मालकाचा.

तरी आम्ही म्हणणार नाही, की गुणाकार म्हणजे लबाडी. कोळसा नीट तोलला, नमुना नीट काढला, तर या पद्धतीने येणारा आकडा चांगला भरवशाचा असतो. आम्ही शेतीचे शिकलेली माणसे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खरी गंमत मोजण्यात नाही. काय मोजायचे आणि कोणाच्या नावावर चढवायचे, यात आहे.

सिमेंट पाहा. राजुरा, कोरपना भागातल्या लोकांनी घराजवळ सिमेंटचे कारखाने पाहिले आहेत. लोकांना वाटते धूर कोळशाचा. कोळशाचा तर आहेच, पण त्याहून जास्त वायू दगडातून निघतो. चुन्याची भट्टी ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे, शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की हातात चुना येतो ५६ किलो. बाकीचे ४४ किलो कुठे गेले? तोच कार्बन डायऑक्साइड. सिमेंटचा एक टन क्लिंकर भाजताना निव्वळ दगडातून अर्ध्या टनाहून थोडा जास्त वायू सुटतो. सूर्यावर भट्टी चालवली तरी तो सुटणारच. हा सगळा पहिल्या खात्यात मांडावा लागतो आणि सिमेंट कंपन्या तो मांडतात.

गळतीचे खाते त्याहून सूक्ष्म. वातानुकूलित यंत्रांतला वायू, विजेच्या मोठ्या स्विचमधला सल्फर हेक्साफ्लोराइड. हा शेवटचा एक किलो गळला तर वीस हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. तो ना दिसतो, ना वास येतो. वर्षभरात किती सिलिंडर भरले, त्यावरून किती गळला ते काढायचे. सिलिंडरची पावती फाडली, की वायू गेला हवेत आणि आकडाही गेला हवेत.

आणि खाण. वणीकडचे कोणी बसले असतील. कोळशाची खाण चालवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या खात्यात काय येते? कोळशातून निघणारा मिथेन आणि डंपरचे डिझेल. तो कोळसा जाळल्यावर होणारा डोंगराएवढा धूर तिच्या तिसऱ्या खात्यात. पुढे ऐका. डंपर कंत्राटदाराचे असले तर? पुस्तकात लिहिले आहे, की कंपनीने आपली हद्द कशी आखायची ते आधी ठरवावे, मालकीच्या हिश्शाने की ताब्याने. ज्याच्यावर आपला ताबा नाही ते पहिल्या खात्यात धरू नये. एकदा हे मान्य झाले, की कंत्राटदाराचे डिझेल तिसऱ्या खात्यात सरकवायला वाट मोकळी झाली. सिलिंगच्या काळात बड्या जमीनदारांनी पुतण्या-भाच्यांच्या, गड्यांच्या नावावर सातबारे कसे फिरवले ते तुमच्या आजोबांना विचारा. जमीन जागची हलली नव्हती.

आता हा हिशेब कोणाला द्यावा लागतो? सेबीने २०२१ मध्ये परिपत्रक काढले आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा केला. पहिले आणि दुसरे खाते त्यात भरावेच लागते, तिसरे ऐच्छिक. बाहेरच्या माणसाकडून आकडे तपासून घ्यायचा नियम २०२३ मध्ये आला, आधी पहिल्या १५० कंपन्यांना आणि मग टप्प्याटप्प्याने पुढे. २०२५ मध्ये त्यातही ‘हमी किंवा तपासणी’ असा पर्याय आला. तपासणाऱ्याची फी भरते ती कंपनीच. आणि जिच्या शेअरची बाजारात खरेदी-विक्री नाही, अशा जिनिंगला, सहकारी सूतगिरणीला, साखर कारखान्याला हे लागू नाही.

अहवालात आणखी एक आकडा असतो, रुपयाच्या उलाढालीमागे किती वायू. तो जपून वाचा. समजा एका कारखान्याची उलाढाल १०० कोटी आणि वायू १०,००० टन. म्हणजे कोटीमागे १०० टन. पुढच्या वर्षी मालाचा भाव चढला, तेवढाच माल विकून उलाढाल १२५ कोटी झाली. वायू तेवढाच, पण कोटीमागे ८० टन. वीस टक्के घट! एक किलो वायू कमी न करता. आपल्या कापसाचा भाव पडला आणि तिकडे सुताचा चढला, तरी कारखाना हिरवा होतो. केंद्राने कार्बन बाजाराची योजना २०२३ मध्ये आणली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना जी लक्ष्ये दिली, ती मात्र मालाच्या टनामागे आहेत. ते रुपयापेक्षा बरे. पण टन वाढले तर वायू वाढायला तिथेही मोकळीक आहे.

आता आपल्या बांधावर येऊ. या सगळ्या हिशेबाची रेघ दोन जागी थेट आपल्या शेतातून जाते. एक पऱ्हाटी, दुसरी युरियाची बॅग.

बॅगेचे आधी. युरिया कसा होतो? नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, त्याचा अमोनिया करतात. हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच वायू पुन्हा अमोनियाशी जोडला की युरिया. म्हणजे आपल्या ४५ किलोच्या बॅगेत ३३ किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. आपण तो ज्वारीला, पऱ्हाटीला टाकला, जमिनीला ओल असली की काही दिवसांत जिवाणूंच्या विकराने युरिया फुटतो, अमोनिया जमिनीत आणि तो ३३ किलो वायू हवेत. आता सांगा, हा वायू कोणाचा?

देशांच्या हिशेबासाठी आयपीसीसी या जागतिक संस्थेने २००६ मध्ये जी मार्गदर्शक पुस्तके काढली, ती सांगतात : अमोनियाच्या कारखान्यातून युरियात गेलेला वायू कारखान्याच्या आकड्यातून वजा करा आणि युरिया जिथे टाकला तिथे, म्हणजे शेतीच्या खात्यात, मोजा. युरोपचा कायदा काय सांगतो? तिथल्या कार्बन बाजाराच्या नियमांत युरियात गेलेला वायू ज्या कारखान्यात तयार झाला, तिथेच सुटला असे समजतात आणि कारखान्याकडून त्याचा हिशेब घेतात. बॅग तीच, रसायन तेच, ३३ किलो तेच. एका वहीत कारखान्याच्या नावावर, दुसऱ्या वहीत शेतकऱ्याच्या. निसर्गाचा यात काही संबंध नाही. नाव चढवणाऱ्याने चढवले.

आज या वायूपोटी शेतकऱ्याला एक पैसाही भरावा लागत नाही, हे स्पष्ट सांगतो. आम्ही घाबरवायला आलेलो नाही. पण सातबाऱ्यावर एकदा चुकीची नोंद चढली की ती काढायला तलाठ्याकडे किती चकरा होतात, ते तुम्हाला सांगायला नको. खत कारखान्याचा अहवाल हाती आला तर एकच गोष्ट विचारायची : युरियात गेलेला वायू वजा केला आहे का, आणि केला असेल तर तो कुठल्या ओळीत दाखवला आहे?

बॅगेचा दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड. खतातल्या नत्राचा थोडा भाग जमिनीतून या रूपाने उडतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरतात. किती उडतो? २००६ च्या पुस्तकात सरसकट एक टक्का नत्र. त्या हिशेबाने एका बॅगेमागे ८९ किलो चढतात. २०१९ मध्ये त्याच संस्थेने सुधारणा केली. कोरड्या हवामानात अर्धा टक्काच धरा, आणि ओल्या हवामानात रासायनिक खताला १.६ टक्के. उष्ण पट्ट्यात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आत पाऊस असेल तर ते कोरडे. म्हणजे मराठवाड्याच्या आणि पश्चिम विदर्भाच्या बऱ्याच कोरडवाहू शेतीत त्याच बॅगेमागे ४४ किलो. निम्मे! नजर पैसेवारी ४८ लागते की ५२, यावर गावाचे नशीब ठरते, तसेच हे. कार्बनचे करार घेऊन जी माणसे गावात येतात, त्यांना विचारा, आमच्या शेताला कुठला गुणांक लावला? आधीचा आकडा फुगवून धरायचा आणि मग घट मोठी दाखवायची, ही वाट तिथे उघडी आहे. नाव आपले लागते आणि क्रेडिट विकतो दुसरा.

आता पऱ्हाटी. तो अधिकारी खोटे बोलला नव्हता. पुस्तकातच नियम आहे, की लाकूड, पऱ्हाटी, उसाचे चिपाड जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पहिल्या खात्यात धरायचा नाही, वेगळा दाखवायचा. जळताना होणारा थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढा धरायचा. कारण असे देतात, की पऱ्हाटीतला कार्बन त्याच हंगामात झाडाने हवेतून घेतलेला, तो परत हवेत गेला तर वाढले काय? शेतकीशास्त्राच्या दृष्टीने हे कारण आम्हाला पटते. धुऱ्यावर जाळली असती तरी तो हवेत गेलाच असता.

पण मग हिशेब पुरा करा. चांगल्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या कांड्यांची आच आपल्याकडच्या हलक्या कोळशाच्या जवळपास भरते. म्हणजे एक टन कांड्यांनी साधारण एक टनाच्या आसपास कोळसा वाचतो, आणि कारखान्याच्या पहिल्या खात्यातून दीड टनाच्या घरात वायू पुसला जातो. तो कोणी पुसला? जून ते जानेवारी पाऊस, अळी आणि उधारी सोसून ज्याने ते झाड वाढवले, त्याने. ट्रॉलीच्या पावतीवर याचा एक शब्द नाही. केंद्राच्या वीज मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात असल्या कांड्या मिसळण्याचे धोरण काढले, म्हणजे गिऱ्हाईक वाढणार. आणि पऱ्हाटी फुकट नाही. तिच्याबरोबर शेतातले पालाश जाते, नत्र जाते, ते भरून काढायला पुन्हा युरियाची बॅग, आणि बॅगेचे ३३ किलो शेतीच्या खात्यात. पुसले कारखान्याचे, चढले आपले.

कोणी म्हणेल, मग पऱ्हाटी द्यायचीच नाही. आम्ही तसे म्हणत नाही. बोंडअळीसाठी ती शेतातून काढणे भागच आहे आणि धुऱ्यावर जाळण्यात काय शहाणपण? ज्याला बारीक करून जमिनीत गाडता येईल त्याने गाडावी, पण ते यंत्र आणि डिझेल प्रत्येकाला परवडत नाही. द्यायची तर कोळशाच्या भावाकडे बघून द्यायची, रिकाम्या धुऱ्याकडे बघून नाही.

पुढच्या बैठकीला येताना यंदा ज्यांनी पऱ्हाटी दिली, त्यांनी तीन गोष्टी लिहून आणाव्यात : किती एकरांची दिली, वजन झाले का आणि कुठल्या काट्यावर, आणि गाडी कुठे गेली. पावती असेल तर पावती, नसेल तर गाडीवाल्याला विचारून कारखान्याचे नाव. मायबहिणींनी तर नक्की सांगावे, कारण उपटणीची मजुरी त्यांनाच ठाऊक असते. ज्या कारखान्यांची नावे येतील त्यांपैकी शेअर बाजारातले कोणते ते आम्ही शोधू, त्यांचा गेल्या वर्षीचा अहवाल मागवू आणि तुमचे वजन त्यांच्या आकड्याशेजारी मांडू. फळ्यावर, सगळ्यांसमोर.